सात जागा, एकाहत्तर मते

लोकसभेच्या निवडणुकांचा इतिहास आपल्याकडे बहुधा लाटांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. 1971 ची ‘गरिबी हटाव’ची लाट, 1977 ची आणीबाणीविरोधी लाट, 1984 ची सहानुभूतीची लाट. लाटेच्या निवडणुकीचा निकाल समजायला सोपा असतो. सगळे पाणी एकाच दिशेला वाहिले, एवढे सांगितले की काम भागते. काट्याच्या निवडणुकीचे तसे नसते. तिथे अंतर इतके थोडे असते की प्रत्येक जण पुढे येतो आणि म्हणतो, ‘हे आमच्यामुळे झाले.’ जो हरला तो बोट दाखवतो, ‘हे त्यांच्यामुळे झाले.’ या दोन्ही वाक्यांत मुसलमानांचे नाव हटकून येते. म्हणून काट्याच्या निवडणुकीचा हिशेब आपण स्वतः नीट मांडून पाहिला पाहिजे, असे आम्हाला वाटते. त्यासाठी आम्ही 2004 ची लोकसभा निवडणूक घेतली आहे. आता तिला दोन दशके उलटून गेली. तिच्यातून पुढे काय निघाले आणि काय विरून गेले, हे आज शांतपणे पाहता येते.

एका मताची गोष्ट

2004 कडे जाण्यापूर्वी पाच वर्षे मागे जावे लागते. 17 एप्रिल 1999 रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. ठरावाच्या बाजूने 269 आणि विरोधात 270 मते पडली. एका मताने सरकार पडले.

लगेच ‘ते एक मत’ कोणाचे, याचा शोध सुरू झाला. काही जणांनी गिरिधर गमांग यांचे नाव घेतले. ते तेव्हा ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचे सदस्यत्व त्यांनी सोडलेले नव्हते. काही जणांनी प्रा. सैफुद्दीन सोझ यांचे नाव घेतले. नॅशनल कॉन्फरन्सचा आदेश डावलून त्यांनी सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. वास्तविक ठरावाविरुद्ध 270 जणांनी मत दिले होते. त्यांतला कोणताही एक जण काढून घेतला तरी चित्र बदलले असते. मग ‘ते एक मत’ ठरावीक माणसाचे कसे? निर्णायक मत कोणाचे, हे गणित सांगत नाही, राजकारण ठरवते. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

त्यानंतरच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला 182 जागा मिळाल्या आणि मित्रपक्षांसह वाजपेयी पुन्हा पंतप्रधान झाले. काँग्रेस 114 वर घसरली.

13 मे 2004

डिसेंबर 2003 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड ही तीन राज्ये भाजपने जिंकली. त्या उत्साहात लोकसभा मुदतीपूर्वीच, 6 फेब्रुवारी 2004 रोजी विसर्जित करण्यात आली. ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती आणि ‘फील गुड’ हा शब्द घरोघरी पोहोचला होता. 20 एप्रिल ते 10 मे या काळात चार टप्प्यांत मतदान झाले. सुमारे 67 कोटी मतदारांपैकी 58 टक्क्यांनी मतदान केले. बहुतेक जनमत चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीलाच पुढे दाखवले होते.

13 मे रोजी निकाल लागला. काँग्रेसला 145 आणि भाजपला 138 जागा. 543 जागांच्या सभागृहात पहिल्या आणि दुसऱ्या पक्षात सात जागांचे अंतर! त्याच दिवशी वाजपेयी यांनी राजीनामा दिला. 17 मे रोजी शेअर बाजार असा कोसळला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. 18 मे रोजी सोनिया गांधी यांनी पंतप्रधानपद नाकारले आणि 22 मे रोजी डॉ. मनमोहन सिंग यांचा शपथविधी झाला. डाव्या पक्षांचे 59 खासदार बाहेरून पाठिंब्याला उभे राहिले.

या निकालाची खरी गंमत मतांच्या टक्केवारीत आहे. 1999 मध्ये काँग्रेसला 28.30 टक्के मते होती, 2004 मध्ये ती 26.53 टक्के झाली. मते घटली, पण जागा 31 ने वाढल्या. भाजपची मते 23.75 टक्क्यांवरून 22.16 टक्क्यांवर आली. घट जेमतेम दीड टक्क्याची, पण जागा 44 ने कमी झाल्या. दोन्ही आघाड्यांची मते एकत्र मोजली तर त्यांच्यात एक टक्क्याचाही फरक राहत नाही. म्हणजे देशाने एकाला डोक्यावर घेतले आणि दुसऱ्याला फेकून दिले, असे काही घडले नव्हते. देश जवळजवळ मधोमध विभागला गेला होता.

मग जागा कुठे फिरल्या? तमिळनाडूत द्रमुक आणि त्याच्यासोबतचे छोटे पक्ष भाजपची साथ सोडून काँग्रेसकडे आले आणि त्या आघाडीने 39 पैकी 39 जागा जिंकल्या. आंध्र प्रदेशात दुष्काळाने शेतकरी मेटाकुटीला आला होता. तिथे काँग्रेसने तेलंगणा राष्ट्र समितीशी समझोता केला. 42 पैकी 29 जागा एकट्या काँग्रेसला मिळाल्या आणि तेलुगू देसम 29 वरून 5 वर आला. बिहारमध्ये लालूप्रसाद, पासवान आणि काँग्रेस एकत्र आले आणि 40 पैकी 29 जागा घेऊन गेले. या तीन राज्यांनी सरकार बदलले. त्यात मुसलमान मतदार होते, तसे शेतकरी होते, दलित होते, नोकरी गमावलेले कामगार होते आणि जयललिता किंवा चंद्राबाबू यांच्या कारभाराला कंटाळलेले सामान्य लोकही होते.

महाराष्ट्रात तर निकाल उलटाच होता. 48 पैकी भाजपला 13 आणि शिवसेनेला 12, म्हणजे युतीला 25. काँग्रेसला 13, राष्ट्रवादीला 9 आणि रामदास आठवले यांची पंढरपूरची एक, अशा आघाडीच्या 23. मुंबईत सहापैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या. लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी यांचा सुमारे तेरा हजार मतांनी पराभव झाला. पण विदर्भात 11 पैकी नागपूरची एकच जागा काँग्रेसकडे राहिली. भंडाऱ्यात प्रफुल्ल पटेल सुमारे तीन हजार मतांनी हरले. एकाच राज्यात, एकाच दिवशी मोजलेल्या मतांचे हे दोन निकाल. यातून ‘महाराष्ट्राच्या मुसलमानांनी अमुक केले’ असे एक वाक्य काढायचे म्हटले तरी काढता येत नाही.

लक्षद्वीप, मंजेरी, किशनगंज

‘मुसलमान एकगठ्ठा मत देतात’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आपल्यातल्या अनेकांनाही ते खरे वाटू लागले आहे. 2004 च्या निकालात या वाक्याला सरळ उत्तर देणारे तीन मतदारसंघ आहेत.

पहिला लक्षद्वीप. देशातला मतदारसंख्येने सर्वांत लहान मतदारसंघ. इथली लोकसंख्या जवळजवळ पूर्ण मुस्लीम आहे आणि जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. काँग्रेसचे पी. एम. सईद इथून 1967 पासून सलग दहा वेळा निवडून आले होते आणि मावळत्या लोकसभेचे ते उपाध्यक्ष होते. 2004 मध्ये त्यांचा पराभव झाला. अंतर होते 71 मतांचे. जिंकले ते जनता दल (युनायटेड)चे पी. पूकुन्ही कोया, म्हणजे भाजपच्या मित्रपक्षाचे उमेदवार. सारा देश काँग्रेसचा विजय साजरा करत असताना जवळजवळ पूर्ण मुस्लीम असलेल्या या मतदारसंघात काँग्रेस हरली होती. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असे दोघेही एकाच निवडणुकीत पडले, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा.

दुसरा केरळमधला मंजेरी. मुस्लीम लीगचा हा बालेकिल्ला. इथे 2004 मध्ये लीगचा उमेदवार पडला आणि मार्क्सवादी पक्षाचे टी. के. हमजा निवडून आले. शेजारच्या पोन्नानीतून लीगचे ई. अहमद जिंकले आणि पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले. दोन शेजारी मतदारसंघ, दोन्हीकडे मुसलमान मतदार मोठ्या संख्येने, आणि निकाल दोन.

तिसरा बिहारचा किशनगंज. इथेही मुसलमान बहुसंख्य आहेत. 1999 मध्ये इथून भाजपचे शाहनवाज हुसेन निवडून आले आणि मंत्री झाले. 2004 मध्ये राष्ट्रीय जनता दलाच्या तस्लीमुद्दीन यांनी त्यांना हरवले. दोन्ही वेळा मतदार तेच, फक्त लढतीचे गणित वेगळे.

या तिन्ही ठिकाणी लोकांनी आपापल्या बेटाचे, जिल्ह्याचे, उमेदवाराचे, नाराजीचे आणि आशेचे मत दिले. शेजारचा हिंदू किंवा ख्रिस्ती मतदार देतो, अगदी तसेच.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. 2004 मध्ये लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत पहिल्यांदा मतदान यंत्रे वापरली गेली. मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद होती, म्हणजे कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे झाकले जावे. यंत्रात प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसतो. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे उपकरण वापरावे असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये दिला होता, पण तो अमलात आला नाही. परिणाम असा की निकालाच्या दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते केंद्रनिहाय यादी घेऊन बसतात आणि आपल्या मोहल्ल्यातल्या केंद्राचा आकडा हा ‘मुस्लीम मत’ म्हणून वाचला जातो. त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या आळीचा आकडा मात्र कोणी जातीधर्माच्या नावाने वाचत नाही, किंवा वाचला तरी त्याला ‘गठ्ठा’ म्हणत नाही.

संयुक्त मतदारसंघाचा अर्थ

इथे इतिहासाचे एक जुने पान उलटावे लागेल. 1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. मुसलमानांनी मुसलमानालाच निवडायचे, अशी ती व्यवस्था होती. तिचे पुढे काय झाले ते आपण जाणतो. संविधान सभेने 1947 मध्ये विभक्त मतदारसंघ नाकारले आणि मे 1949 मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची कल्पनाही सोडून दिली. राखीव जागा नकोत असे ठामपणे सांगणाऱ्यांत बेगम एजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लीम सभासदही होत्या. अल्पसंख्याकाने वेगळे राहून आपला बचाव होणार नाही, बहुसंख्याकांच्या सोबतीने होईल, हा त्यांचा विचार होता.

त्या दिवसापासून आपले मत शेजाऱ्याच्या मतासोबत एकाच पेटीत पडते. त्याचा सरळ अर्थ असा की आपण एकटे कोणाला जिंकवू शकत नाही आणि एकटे कोणाला हरवूही शकत नाही. रायगडच्या आंबेतचे बॅ. ए. आर. अंतुले 2004 मध्ये कुलाब्यातून निवडून आले, ते काही एकट्या कोकणी मुसलमानांच्या मतांवर नव्हे. आगरी, कुणबी, मराठा, कोळी, दलित अशा सगळ्यांनी मत दिल्याशिवाय कुलाब्यातून कोणी लोकसभेत जाऊ शकत नव्हते.

म्हणून निकालानंतर आपल्यातले काही पुढारी ‘हे सरकार आम्ही आणले’ म्हणत हारतुरे घेऊन फिरतात, तेव्हा ते विरोधकांच्याच आरोपाला सही करून देतात. जो म्हणतो ‘यांनी आम्हाला पाडले’ आणि जो म्हणतो ‘आम्ही यांना आणले’, त्या दोघांचे व्याकरण एकच आहे. दोघेही वीस-पंचवीस कोटी स्वभावांच्या माणसांचा एक गठ्ठा बांधतात. फरक इतकाच की एक तो गठ्ठा फेकतो आणि दुसरा विकतो.

निकालानंतरचा हिशेब

तर मग 2004 च्या निकालाने आपल्याला काही दिलेच नाही का? दिले. पण ते कसे दिले हे समजून घ्यायला हवे.

145 जागांवर सरकार बनत नाही. 272 साठी मित्र लागतात आणि मित्रांना लेखी कबुली द्यावी लागते. मे 2004 अखेरीस किमान समान कार्यक्रम आला. त्यात धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांतील मागासांसाठी आयोग नेमण्याचे वचन होते. त्यातून रंगनाथ मिश्रा आयोग आला. मार्च 2005 मध्ये न्या. राजिंदर सच्चर यांची समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल 30 नोव्हेंबर 2006 रोजी संसदेत मांडला गेला. जानेवारी 2006 मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय सुरू झाले. त्याचे पहिले मंत्री अंतुलेच होते.

सच्चर अहवालाने एक मोठे काम केले. ‘मुसलमानांचे लाड होतात’ या बोलण्यासमोर आकडे ठेवले. लोकसंख्येत 13.4 टक्के असलेला समाज आयएएसमध्ये 3 टक्के आणि आयपीएसमध्ये 4 टक्के होता. साक्षरता 59.1 टक्के, तर देशाची सरासरी सुमारे 65 टक्के. आणि ज्या मदरशांवर सगळी चर्चा होत असे, तिथे मुस्लीम मुलांपैकी फक्त तीन-चार टक्के मुले जात होती. बाकीची मुले तुमच्याआमच्या शाळेत होती, किंवा कुठेच नव्हती.

या अहवालानंतर 2008 मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी पहिली ते दहावीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती सुरू झाली. उर्दू शाळेतल्या शिक्षकाला या योजनेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, पासबुक, आणि आधारवर एक नाव तर शाळेच्या दाखल्यावर दुसरे. ‘शेख’चे ‘शैख’ आणि ‘रजिया’चे ‘रझिया’ झाले म्हणून अडलेले अर्ज आम्ही रात्री बसून दुरुस्त केले आहेत. रक्कम छोटी होती. पण त्या निमित्ताने मजुराच्या, भंगारवाल्याच्या, यंत्रमाग कामगाराच्या घरात मुलीचे बँक खाते उघडले आणि आठवीनंतर तिला घरी बसवण्याचा विचार वर्षभर पुढे गेला. सात जागांच्या अंतराने दिल्लीत जे घडले, त्याचे एक टोक असे गल्लीतल्या शाळेच्या टेबलापर्यंत आले होते.

पण 2022 मध्ये पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती बंद झाली आणि ती नववी-दहावीपुरती उरली. उच्च शिक्षणासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी बंद करण्यात आली. मिश्रा आयोगाचा अहवाल 2009 मध्ये संसदेत ठेवला गेला आणि तिथेच थांबला. जे सरकारच्या गरजेतून मिळाले, ते गरज संपल्यावर काढून घेता आले. ते कायद्याने हक्क म्हणून मिळालेले नव्हते. माहितीचा अधिकार आणि रोजगार हमीचा कायदा हे त्याच सरकारच्या काळात, 2005 मध्ये आले. ते सर्वांसाठी होते आणि संसदेने केलेले कायदे होते. त्यांत बदल करायचा तर सरकारला उघडपणे संसदेत यावे लागते. एका परिपत्रकाने ते मिटत नाहीत. आपल्या पुढाऱ्यांनी निवडणुकीपूर्वी मागण्यांची यादी देताना हा फरक ओळखला असता, तर आज चित्र थोडे वेगळे असते.

प्रतिनिधित्वाचेही तसेच. 2004 नंतर महाराष्ट्रातून 2009 आणि 2014 मध्ये एकही मुस्लीम खासदार लोकसभेत गेला नाही. 2019 मध्ये औरंगाबादहून इम्तियाज जलील साडेचार हजारांहून कमी मतांनी निवडून आले आणि 2024 मध्ये पुन्हा शून्य. खासदार मुसलमानच हवा असे आमचे म्हणणे नाही. पण पक्ष आपली मते मागतात आणि उमेदवारी देताना मात्र ‘निवडून येण्याची क्षमता’ सांगतात, हा प्रश्न त्यांना त्यांच्याच सभेत उभे राहून विचारला गेला पाहिजे.

मुलांना काय सांगायचे?

उर्दू माध्यमात नागरिकशास्त्राला आपण ‘इल्मे शहरियत’ म्हणतो. या तासाला मोठ्या वर्गातली मुले एक प्रश्न नेहमी विचारतात, ‘सर, आपल्या मताने काय होणार?’ हा प्रश्न ती घरातून घेऊन येतात. त्यामागे भीती असते, कंटाळाही असतो.

या प्रश्नाला भाषणाने उत्तर देऊन उपयोग नाही. फळ्यावर आकडे लिहावेत. लक्षद्वीप, 71. संसदेतला ठराव, एक. आणि अगदी अलीकडचे, म्हणजे 2024 चे मुंबई उत्तर-पश्चिम, जिथे रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले. 48 म्हणजे आपल्या एका वर्गाची पटसंख्या! एवढ्या मतदारांची नावे यादीत नसली, किंवा असूनही ते दुपारी झोपून राहिले, तर निकाल तिथेच ठरतो.

मग दुसरा आकडा लिहावा. एकाहत्तर मते लक्षद्वीपला निर्णायक ठरली, पण त्यांतले कोणतेही मत एकटे निर्णायक नव्हते. त्यांच्या पाठीशी पंधरा हजारांहून अधिक मते आधीच उभी होती. तुझे मत मोलाचे आहे, पण ते शेजाऱ्याच्या मतासोबत असते तेव्हाच मोजले जाते. म्हणून शेजाऱ्याशी बोलायला हवे, त्याचा पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा प्रश्न आपला मानायला हवा, निवडणूक नसतानाही.

बाकीचे काम मोठ्यांचे आहे आणि ते साधे आहे. अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा सहा नंबरचा अर्ज भरला जावा. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव यादीत यावे, घर बदललेल्यांचा पत्ता बदलावा, सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एक व्हावे. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात या कामासाठी एक टेबल लागले, तर ‘अमक्याला पाडा’ या फतव्यापेक्षा त्याचा उपयोग शंभर पटींनी अधिक होईल. आणि निकालानंतर कोणी विचारले, ‘तुमच्या लोकांनी कोणाला मत दिले?’ तर त्याला शांतपणे सांगावे की मतदान गुप्त असते, तुमचेही आणि आमचेही.